पायी चालून पाहिले

१४ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणतो, राग आला की बोलू नका, लिहून काढा. प्रेशर १७०/१०५. गोळी वाढवली आणि वर हा फुकटचा शहाणपणा. बायकोने, सफियाने, नेमकं तेवढंच ऐकलं आणि परत येताना खालच्या बकाल्यातून ही वही घेतली. कव्हरवर मांजर आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या फोरमनला मांजराची वही! दुकानात दुसरी नव्हती म्हणे.

तर घ्या लिहून. आजचा राग नीलेश. पुण्याचा इंजिनिअर, वय एकतीस, कंपनीच्या कुवेत सिटीतल्या ऑफिसात अकराव्या मजल्यावर बसतो. आम्ही अर्दियाच्या यार्डात ग्रीसमध्ये लोळतो. आज फोन करून म्हणतो, "यूसुफभाई, एकदम सोपा जॉब आलाय. सहा आयटम आहेत."

आयटम! तोफा आहेत त्या. नव्वद-एक्याण्णवच्या लढाईत इराकी फौज टाकून पळाली, तेव्हापासून उत्तरेला वाळवंटात तारेच्या कुंपणात पडल्यात. एकेक चौदा टन. टायर कुजलेले, धुरा गंजून एक झालेल्या. त्या पंचवीस फेब्रुवारीच्या आत शहरात प्रदर्शनाच्या मैदानावर पोचवायच्या. कुंपणापासून डांबरी रस्त्यापर्यंत साडेसहा किलोमीटर नुसतं रान, आणि दिवस पावसाचे. सोपं म्हणे. उंटावरचा शहाणा. ह्या देशात राहूनही ह्याने उंट जवळून पाहिला नसेल.

१९ जानेवारी, रविवार

आज नीलेशने रूट सर्व्हेचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रत्येक कामाआधी हा कागद लागतो. वाट कशी आहे, वळणं किती, जमीन कसली, सगळं त्यात भरायचं. शेवटी एक चौकोन असतो, "रस्ता पायी चालून पाहिला", त्यात बरोबरची खूण आणि खाली फोरमनची सही. सकाळी दहाला कागद आला आणि सव्वादहाला "यूसुफभाई, साईन झालं का?" पावणेअकराला परत तेच. मी तेव्हा चौथ्या लोबेडच्या, म्हणजे अवजड माल न्यायच्या बुटक्या ट्रेलरच्या, खाली झोपून ब्रेक बघत होतो. हात पुसले, सही केली, फोटो काढून पाठवला आणि वर लिहिलं, घे बाबा, गिळ.

ह्यांना वाट नको असते, कागद हवा असतो.

२६ जानेवारी, रविवार

पिकअप घेऊन एकटाच उत्तरेला जाऊन आलो. जहरा सोडलं की थंडी हाडात शिरते. डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावली. कच्च्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल पिंपं मांडलीत. पिंपांच्या आतली जमीन सुरुंग काढून साफ केलेली, बाहेर जायचं नाही. चौतीस वर्षं झाली तरी पाऊस पडला की एखादा वर येतोच.

आणि सगळीकडे तंबू! हिवाळा आला की हे लोक घरदार सोडून बर्रमध्ये, म्हणजे ह्या रानात, तंबू ठोकतात. चार महिने जनरेटर, टीव्ही, सोफे, आणि भोवती बुलडोझरने ओढलेला मातीचा बांध. हौसेला मोल नाही. एका तंबूचा बांध थेट आमच्या वाटेच्या अंगावर आलेला लांबूनच दिसत होता. लगेच नीलेशला फोन लावला, की त्यांना हटवा. तो म्हणतो, म्युनिसिपालिटीला मेल टाकतो. मेल टाकतो! वीस मिनिटं त्याच्याशी भांडलो, मग इतकं डोकं उठलं की गाडी वळवली आणि परत आलो.

वाट तशी ठीक आहे. डांबरावरून सगळी दिसते. वाटेच्या एका अंगाला लांबपर्यंत पांढरी फटक सपाटी आहे, मीठ धरलेली. ती बघून गाव आठवलं. आमच्या दाभोळच्या खाडीला खाजण आहे, तिथे मीठ पांढरं धरलं की समजायचं जमीन आटली, बैलगाडी घाला. बाबा पायाच्या अंगठ्याने दाबून सांगायचे. मला तर बघूनच कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन तोफा आल्या! मुझफ्फर म्हणजे मुझफ्फर.

मुझफ्फर सफियाचा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी मीच आणला त्याला, माझ्याच कंपनीत चिकटवला. आज कंपनीतला पहिल्या नंबरचा ड्रायव्हर आहे. चौदा टनांची तोफ लोबेडवर, पुढे त्याचा ट्रक, आणि चालतो असा की चहाचा पेला ठेवला तर हिंदकळणार नाही. निघायच्या आधी त्याने नेहमीसारखं विचारलं,

"दुलाभाई, वाट बघून आलाव ना?"

"आलो."

"मग बिस्मिल्ला."

बांधाजवळ वाट चिंचोळी झालीय, पण उजवी चाकं बांधाच्या मातीवरून घासत नेली त्याने. नीलेशला फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रिदाची बारावीची परीक्षा पंधरा तारखेला सुरू होतेय आणि ती फोनवर तोफा शोधत बसते. मी ओरडलो तर म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठीच शोधलं. लिसन."

अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध क्रांतीची लढाई चालली होती. तेव्हा एका पुस्तकविक्याला पाठवलं, लांबच्या किल्ल्यातल्या तोफा घेऊन ये म्हणून. जवळजवळ साठ तोफा! ऐन हिवाळ्यात, बैल जुंपून, घसरगाड्यांवर, तीनशे मैल जंगलातून. गोठलेल्या नद्या ओलांडायच्या होत्या. त्याने बर्फाला भोकं पाडायला लावली, म्हणजे पाणी वर येऊन गोठेल आणि बर्फ जाड होईल. तरी एक तोफ बर्फ फोडून नदीत गेली. ती त्यांनी बाहेर काढली.

"बघा," मी म्हटलं, "पुस्तकं विकणारा माणूस तोफा नेतो, आणि आमच्या इंजिनिअरला मेल टाकता येतो."

"ही ऑल्सो केप्ट अ डायरी, बाबा. तुमच्यासारखी."

"त्याच्या वहीवर मांजर नसेल."

रिदा हसली. मी विचारलं, ती तोफ बुडाली कोणामुळे? तिने फोनवर लेख खालीवर सरकवून बघितला. "ते ह्या लेखात नाहीये."

६ फेब्रुवारी, गुरुवार

कालपासून पाऊस. सलव्याच्या आमच्या गल्लीत घोट्याइतकं पाणी. इथे गटारं बांधणाऱ्यांना बहुतेक पावसाची बातमी कुणी दिली नाही. नीलेश विचारतो, रविवारी नक्की ना? मी म्हटलं, वाट परत बघावी लागेल. तो म्हणाला, "सर्व्हे तर आहे ना यूसुफभाई? तुमचीच सही आहे." बोलण्याची पद्धत बघा. मी म्हटलं, आहे तर आहे, रविवारी निघतो.

९ फेब्रुवारी, रविवार

मुझफ्फर हॉस्पिटलात आहे. पाय दोन ठिकाणी मोडला.

तिसरी तोफ. डांबराच्या चार किलोमीटर अलीकडे, तो तंबूचा बांध. पावसाने खचून पूर्ण वाटेत आलेला. मी पुढे झेंडा घेऊन, कानाला फोन. नीलेश विचारत होता, किती वाजता पोचणार, प्रदर्शनाच्या कमिटीचे लोक फोटोग्राफर घेऊन थांबलेत. फोटोग्राफर! गाडी डावीकडे वळली. दोन पिंपांच्या मधून बाहेर गेली, पांढऱ्या सपाटीवर. ट्रक गेला. लोबेडची मागची चाकं आली आणि वरचा पापुद्रा फुटला. खाली नुसता काळा चिखल. लोबेड कलला, साखळी तुटली, तोफ घरंगळली. मुझफ्फरने केबिनमधून उडी मारली ती नेमकी उंच बाजूने.

तो ओरडला नाही. मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "तोफ ऱ्हायली का?"

त्या नीलेशला मी उद्या बघतो. त्या तंबूवाल्यालाही बघतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. सळई घातली. सफिया सकाळपासून तिथेच आहे. मला म्हणाली, तुमी जा, तुमची तोफ बघा.

माझी तोफ!

प्रेशर मोजलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काढली! चौथ्या दिवशी दुपारी दोनला तोफ बाहेर काढली आणि मी त्या चिखलातच बसून घेतलं.

सुरुंगवाले पहिल्या दिवशी येऊन सपाटी तपासून गेले. मग नीलेशने दोन क्रेन पाठवल्या. एक येतानाच रुतली. तिला काढायला दुसरी. शेवटी मी म्हटलं, चला, सगळे बाजूला व्हा. गावाला पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढतात तसंच करायचं. यार्डातून लाकडी ठोकळे आणले, आडवे टाकले, वर ग्रीस थापलं. तोफेला दोर, दोराला विंच, आणि दोन्ही बाजूंना माणसं तोल धरायला. नेपाळी, मिसरी, पंजाबी, सगळ्यांना "हैसा" म्हणायला शिकवलं. मागचा ठोकळा उचलायचा, पुढे टाकायचा. हैसा! एका वेळी हातभर. गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी, आणि कमरेपर्यंत चिखल. तंबूतला म्हातारा कुवेती रोज किटली भरून चहा घेऊन यायचा. मी त्याला पहिल्या दिवशी शिव्या घातल्या होत्या. त्याला मराठी येत नाही हे बरं.

आज ऑफिसच्या ग्रुपवर माझा फोटो आहे. सुधीरसाहेबांनी, म्हणजे आमच्या मोठ्या मॅनेजरनी, खाली लिहिलं, "हॅट्स ऑफ, यूसुफभाई."

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. "ड्रायव्हरने स्वतःच्या निर्णयाने खुणेची पिंपं ओलांडली." बस. एक ओळ. सर्व्हे ठीक, वाट ठीक, फोरमन ठीक, ड्रायव्हर बेजबाबदार. पिंपांच्या बाहेर गाडी घालणं म्हणजे इथे मोठा गुन्हा. मंदूब, म्हणजे कंपनीचा सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, म्हणाला की चौकशी बंद झाली की मुझफ्फरचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, आणि पाय टेकता आला की तिकीट. असा शेरा घेऊन गेला तर आखातात त्याला पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. गावाला तीन मुलं, म्हातारी आई. मोडका पाय घेऊन तिथे काय, रिक्षा चालवणार?

मी नीलेशकडे गेलो. अकरावा मजला. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात मी लालभडक दिसत होतो. म्हटलं, कुणी लिहिलं हे? सर्व्हेचा कागद काढ. त्याने कॉम्प्युटरवर काढला. त्यात जमीन कसली तर "कोरडी, टणक". फेब्रुवारीत कोरडी! मी म्हटलं, हे कुठून आलं? तो खाली बघून म्हणाला, "मागच्या जुलैत तिकडे जनरेटर नेला होता ना आपण. तोच फॉर्म आहे. मी फक्त तारीख बदलली. सगळेच असं करतात, यूसुफभाई."

मी इतका ओरडलो की बाहेरच्या मुलीने काच लावली. जुलैचा कागद! माणसाचा जीव जातो इथे आणि हे बसल्या जागेवरून कॉपी मारतात! नीलेश शेवटी एवढंच म्हणाला, "तुम्ही वाचला नव्हता का?"

चोराच्या उलट्या बोंबा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कागदावर शंभर गोष्टी असतात. प्रत्येक फोरमन प्रत्येक ओळ वाचत बसला तर गाडी यार्डाच्या बाहेर पडणार नाही.

आणि जुलैच्या कागदावर सही माझीच आहे. पण जुलैत एक्कावन्न डिग्री होतं. दुपारचं उन्हात काम करायला तर सरकारचीच बंदी असते. मी काय उन्हात साडेसहा किलोमीटर चालणार होतो? गाडीतून पाहिलं. जनरेटर व्यवस्थित गेला. त्यात काय चुकलं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुझफ्फरला घरी आणलं. हॉलमधल्या सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडलेला असतो. रिदा आत अभ्यास करते, हा टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघतो.

मला त्याचाही राग येतो. आज त्याला म्हटलं, "चौकशीला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? गाडी मी चालवीत होतो."

"पण डावीकडे का घेतलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ नाही, पण बघितलं. मग म्हणाला, "वाट बंद होती, दुलाभाई. कुटं तरी न्यायलाच पायजे होती."

मग टीव्ही बघत बसला. आता ह्याला मी काय बोलू? त्याने सरळ सांगायला हवं होतं काय ते. माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं ह्याला?

उपकार कसले. लिहिताना चुकून लिहिलं गेलं. मी झेंडा घेऊन उभा होतो. हात तर मी सकाळपासून हलवतच होतो, पुढे ये, थांब, सावकाश. एका हातात फोन. तेव्हा कुठला हात कुठल्या बाजूला गेला हे कोण सांगणार?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

राष्ट्रीय दिवस. सहाही तोफा मैदानावर. उरलेल्या तीनही बांधापाशी तशाच ठोकळ्यांवरून ओढून काढल्या. पांढरा रंग दिलेले दगड भोवती, वर झेंडे, पोरंटोरं नळीवर बसून फोटो काढतायत. आमच्या तिसऱ्या तोफेच्या चाकात अजून काळा चिखल आहे, कुणी धुतला नाही. थंडी अशी की माईकवरच्या साहेबाचे दात वाजत होते.

कमिटीने मला स्टेजवर बोलावलं. काचेची ट्रॉफी दिली, जड आहे. सुधीरसाहेबांनी वाचून दाखवलं, "सुरक्षित वाहतुकीबद्दल." टाळ्या पडल्या. नीलेशने वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं स्टेजवरून उतरून त्याची कॉलर धरावी. पण धरून म्हणणार काय होतो?

घरी आणली तर मुझफ्फर म्हणाला, "मुबारक, दुलाभाई." मनापासून म्हणाला. तेच मला जास्त लागलं. सफियाने ट्रॉफी घेतली आणि किचनची खिडकी वाऱ्याने आपटते तिथे टेकू म्हणून ठेवली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मंदूबचा फोन. चौकशीचा कागद रविवारी बंद होणार, त्यावर फोरमनची शेवटची सही लागते. दोन तारखेला ऑफिसला या म्हणाला. मुझफ्फरचं तिकीट त्याच आठवड्यात.

मी फोन ठेवला. सफिया तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सही करणार?"

"न करून काय? रिपोर्ट कंपनीचा आहे."

"मुझफ्फर माझ्याशी बोलला हॉस्पिटलात. भूल उतरत होती तवा. आता त्याला आठवत पण नसंल." ती थांबली. "बोलला, दुलाभाईंनी हात दावला, मी गेलो. त्यांनी वाट बघितली होती."

मी म्हटलं, भुलीत माणूस काय वाटेल ते बोलतो.

"हो," ती म्हणाली. "मी पंधरा दीस वाट बघतेय, तुमी शुद्धीत असताना काय बोलताव त्याची."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. रिदाची परीक्षा चालू आहे, मी घरी बसलो तर माझ्या इकाम्यावर तुम्ही दोघी आहात, कळतंय का, असंही बोललो. पूर्वी मी ओरडलो की तीही ओरडायची. आज ओरडली नाही. ताट उचललं आणि आत गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चंद्र दिसला. उद्या रोजा.

मी हे आधी नीट लिहायला हवं होतं. वाट बंद होती. माझ्या कानाशी नीलेश फोटोग्राफरचं सांगत होता आणि मला इतका राग आला होता की दुसरं काही दिसत नव्हतं. डाव्या अंगाला पांढरी सपाटी होती. मी म्हटलं मीठ धरलंय, म्हणजे आटलीय. सत्तावीस वर्षं ह्या देशात आहे, सबखा हा शब्द शंभर वेळा ऐकलाय, वर मीठ आणि खाली चिखल हे इथल्या शेळ्यांनाही माहीत आहे. पण मी रस्त्यावरचा आणि बंदरावरचा माणूस, सबख्यावर चाक कधी घातलं नव्हतं. मला खाजण दिसलं. आमच्या खाजणात खाडीचं पाणी बाहेर जायला उघाडी असते, म्हणून ते आटतं. इथलं पाणी जाणार कुठे? बाबा अंगठ्याने दाबून बघायचे. मी दाबून बघितलं नाही.

मुझफ्फर थांबला होता. काच खाली करून त्याने माझ्याकडे बघितलं होतं, पिंपांकडे बोट करून. मी चिडलो की हा पण आता शंका काढतो. मी झेंडा डावीकडे जोरात हलवला. दोनदा.

१ मार्च, शनिवार

सहरी करून पिकअप काढली. सात वाजता डांबर संपतं तिथे पोचलो. गाडी लावली, सर्व्हेचा कागद खिशात, आणि चालायला लागलो.

उजाडलेलं होतं. दोन्ही बाजूंना लाल पिंपं. पहिल्या किलोमीटरला जमीन घट्ट. दुसऱ्याला बारीक दगड. तिसऱ्याच्या पुढे वाट खाली उतरते. हे गाडीतून कळत नाही. पायाला कळतं, पोटऱ्या सांगतात. डांबरावरून ही उतरण दिसतच नाही, आणि सगळं पाणी तिथेच जमतं. चाललो असतो तर कळलं असतं. मला राग आला, पण दुसऱ्या कुणाचा नाही. अशा रागाचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. आजवर तशी वेळ मी येऊ दिली नव्हती.

चार किलोमीटरवर बांध अजून तसाच. लोबेडची चाकोरी दिसते, आणि तिच्यात पाणी, त्यावर परत नवं मीठ धरलंय. लांबून अगदी आटल्यासारखं. पिंपाला धरून मी एक पाय बाहेर टाकला, सुरुंगवाल्यांनी तपासलेल्या जागेवर, आणि अंगठ्याने दाबलं. पापुद्रा मोडला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बूट राहिला आतच.

तंबूतला म्हातारा बाहेर आला. चहा देणार होता, मग त्यालाच आठवलं की रोजा आहे, आणि कपाळाला हात लावला. त्याने मला जुनी चप्पल दिली. ती घालून कुंपणापर्यंत गेलो. साडेसहा पूर्ण. तोफा होत्या तिथे सहा खड्डे आहेत, बाकी काही नाही. मग तेवढाच परत आलो. तहान लागली. लागू दे म्हटलं.

२ मार्च, रविवार

कालची पँट तशीच घातली. सफियाने धुवायला मागितली नाही.

ऑफिसात सुधीरसाहेब, मंदूब, नीलेश. कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, ह्यावर सही करत नाही, मी लिहून आणलंय ते लावा. सुधीरसाहेबांनी वाचलं. पँटकडे बघितलं, पायातल्या चपलेकडे बघितलं.

"यूसुफभाई, तुम्हाला कळतंय ना, ह्याचं काय होणार?"

"कळतंय."

"अहो, मुझफ्फरने स्वतः कबूल केलंय. प्रकरण मिटलंय. कशाला?"

"त्याने गाडी चालवली म्हणून कबूल केलंय. ती त्याने चालवलीच. पिंपं मी ओलांडायला लावली."

नीलेश टेबलाकडे बघत होता. तारीख बदलल्याचं तो बोलेल असं एक क्षण वाटलं. नाही बोलला. मला तीन आठवडे लागले, त्याला मी कुठल्या तोंडाने घाई करू? जाताना लिफ्टपर्यंत आला, बटण दाबलं, आणि म्हणाला, "सर्व्हे आता पायी करायचा, असं मी फॉर्ममध्ये..." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फॉर्ममध्ये ते आधीपासूनच आहे.

मुझफ्फरचं तिकीट थांबवलंय. चौकशी परत उघडणार. माझ्या पिकअपची किल्ली जमा करून घेतली. टॅक्सीने सलव्याला आलो.

मुझफ्फरला मंदूबने आधीच फोन केला होता. सोफ्यावरून अर्धा उठला, वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "मी कशाला गप ऱ्हायलो? रिदाचे पेपर चार एप्रिलपर्यंत हायत! माजं काय, मी गेलो असतो! तुमाला कोणी सांगितला होता बोलायला?" ओरडताना पाय हलला आणि कळ आली तरी थांबेना. दाराशी रिदा उभी होती, हातात पुस्तक. मी त्याला ओरडू दिलं. त्याचा राग खरा होता, त्याला जागा द्यायला हवी होती.

सफिया म्हणाली, "बस कर मुझफ्फर. अजान झाली." तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या हातात स्वतः खजूर ठेवला.

जेवण झाल्यावर रिदा माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, आपल्याला जावं लागेल?" मी म्हटलं, लागेल बहुतेक. पेपर होईपर्यंत थांबवायला सुधीरसाहेबांना हात जोडतो. तिने मान हलवली. ती रडली नाही, म्हणून मीही रडलो नाही.

त्या पुस्तकवाल्याची तोफ कोणामुळे बुडाली, ते रिदाच्या लेखात नव्हतं. ऑफिसात जो कागद दिला तो इंग्रजीत आहे, रिदाकडून शब्द विचारून लिहिलेला. इथे माझ्या भाषेत असू दे.

मी, यूसुफ, फोरमन. जुलैत वाट गाडीतून पाहिली आणि चालून पाहिली असं लिहिलं. जानेवारीत गाडीतूनही न पाहता सही केली. मुझफ्फरने विचारलं तेव्हा बघून आलो म्हणालो. नऊ फेब्रुवारीला त्याला डावीकडे जायचा हात मी दाखवला. एक मार्चला तीच वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पायी चालून पाहिली. ती जायच्या लायकीची नाही.